४८ किलोबाइटचे यंत्र आणि त्याचे आजचे कारागीर

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस ‘ब्लॅक मिरर : बँडरस्नॅच’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा १९८४ सालची. नायक घरच्या संगणकावर खेळ लिहिणारा तरुण. प्रेक्षक जे पर्याय निवडेल त्यानुसार चित्रपटाचा शेवट बदलतो. त्यांपैकी एका शेवटी नायक कॅसेट लावतो आणि एक कर्कश, किरकिरणारा आवाज ऐकू येतो. बहुतेकांनी कानाला त्रास म्हणून तो सोडून दिला असेल. काहींनी मात्र तो ध्वनिमुद्रित केला आणि झेडएक्स स्पेक्ट्रम नावाच्या ३६ वर्षे जुन्या संगणकाला ऐकवला. पडद्यावर एक क्यूआर कोड उमटला. त्या कोडच्या मागोमाग गेल्यावर चित्रपटातल्या काल्पनिक कंपनीचा ‘नोझडाइव्ह’ हा खेळ हाती लागत होता, आणि तो खऱ्या स्पेक्ट्रमवर चालत होता. लिहिणारा होता मॅट वेस्टकॉट, स्पेक्ट्रमसाठी हौसेने प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींतला एक जुना जाणकार.

निर्मात्यांना असा माणूस शोधण्यासाठी कोणत्याही संग्रहालयात जावे लागले नाही. या यंत्रासाठी लिहिणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. दुकानांतून हे यंत्र १९९२ च्या सुमारास नाहीसे झाले. त्यासाठी होणारे लेखन थांबले नाही. ते का थांबले नाही, आणि दरम्यानच्या काळात त्या यंत्राविषयीचे ज्ञान कोणी जपले, याचा हा धागा आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

आधी त्या किरकिरीविषयी. स्पेक्ट्रमला डिस्क नव्हती. प्रोग्राम साठवायचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर, आणि परत आणायचा तो घरच्या टेप रेकॉर्डरमधून. संगणकाची माहिती म्हणजे शून्य आणि एक यांची माळ. शून्यासाठी सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाची ध्वनिलहर, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीची, एवढाच संकेत. सुरुवातीला काही सेकंद एकसुरी शीळ, म्हणजे यंत्राने कान टवकारावेत यासाठीची हाक, मग खरखर. अख्खा खेळ आत यायला चार-पाच मिनिटे लागत, आणि चौथ्या मिनिटाला फीत अडखळली तर सारे पहिल्यापासून. या पद्धतीचा एक गमतीदार परिणाम असा, की प्रोग्राम हा आवाजच असल्यामुळे तो रेडिओवरूनही पाठवता येई. युगोस्लाव्हियात रेडिओ बेलग्रेडच्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमात झोरान मोडली हा निवेदक १९८० च्या दशकात असे प्रोग्राम प्रक्षेपित करीत असे; श्रोते ते घरी कॅसेटवर उतरवून घेत आणि संगणकाला ऐकवत.

आता यंत्राकडे. २३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे सारे धोरण स्वस्ताईचे होते, आणि त्या स्वस्ताईच्या खुणा यंत्राच्या अंगभर दिसतात. रिक डिकिन्सन यांनी घडवलेले काळे, आटोपशीर कवच. बोटांखाली खोडरबरासारखी दबणारी कळफलकाची बटणे. पडदा म्हणून घरातलाच दूरचित्रवाणी संच. आत ३.५ मेगाहर्ट्‌झ वेगाचा झेड ८० प्रोसेसर आणि फेरांटी कंपनीची ‘यूएलए’ नावाची एकच चिप. चित्र काढणे, कळा वाचणे, टेप ऐकणे आणि भोंगा वाजवणे ही सारी कामे तिच्याकडे. इतर कंपन्यांना ज्यासाठी बऱ्याच चिप लागत, ते रिचर्ड अल्टवासर यांनी हिच्यात बसवले.

कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, १६ किलोबाइटची बेसिक भाषा होती. ती प्रामुख्याने स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिली. वेळ कमी होता, आणि ती पूर्णत्वाला जाण्याआधीच यंत्र विक्रीला गेले. तिच्यात चुका राहिल्या. सर्वांत प्रसिद्ध चूक एका अक्षरभराची: प्रोसेसरला बाहेरून तातडीने थांबवण्याच्या सोयीत ‘शून्य असेल तर’ याऐवजी ‘शून्य नसेल तर’ अशी अट पडली आणि ती अख्खी सोय निरुपयोगी झाली. शिवाय रॉमच्या शेवटाकडे ११७० बाइट रिकामेच राहिले. त्या प्रत्येक जागी २५५ हा अंक भरलेला आहे. ही रिकामी जागा लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचे आहे.

या यंत्राच्या चित्राची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आजच्या हौशी लेखकांची निम्मी कसोटी तिथेच लागते.

पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर स्मृती पुरली नसती. म्हणून ठिपके एकीकडे आणि रंग दुसरीकडे अशी वाटणी झाली. ठिपक्यांना ६१४४ बाइट. रंगांसाठी पडद्याचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे ७६८ चौकोन केले आणि प्रत्येक चौकोनाला एक बाइट दिला. मिळून ६९१२ बाइटांत रंगीत चित्र. किंमत अशी, की एका चौकोनात दोनच रंग मावतात. हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस चालत गेला, की झाडाचा तुकडा पिवळा होतो किंवा माणूस हिरवा. इंग्रजीत याला ‘कलर क्लॅश’ म्हणतात. स्पेक्ट्रमवर वाढलेल्या पिढीला ते आजही पाहताक्षणी ओळखू येते, आणि प्रतिस्पर्धी संगणकांच्या मालकांनी त्यावरून शाळेच्या मैदानात भरपूर चिडवले होते. त्या काळच्या खेळांनी यावर एक शहाणपणाची पळवाट काढली: बऱ्याच खेळांचे मुख्य दृश्य एकाच रंगात ठेवायचे आणि रंगीबेरंगी नक्षी कडेला.

पण यूएलए प्रत्यक्षात काय करते ते पाहा. दूरचित्रवाणीचे चित्र एकेका आडव्या रेघेने वरून खाली रंगत जाते. चौकोनाच्या आठ रेघा असतात, आणि यूएलए त्या प्रत्येक रेघेला रंगाचा बाइट नव्याने वाचते. एकदाच वाचून लक्षात ठेवायला तिच्याकडे जागाच नाही. याचा अर्थ असा, की दोन रेघांच्या मधल्या क्षणात कोणी तो बाइट बदलला, तर खालच्या रेघेला निराळे रंग मिळतील. एका रेघेसाठी प्रोसेसरला २२४ ठोके मिळतात आणि संपूर्ण चित्रासाठी ६९,८८८. प्रत्येक आज्ञेला किती ठोके लागतात हे ठरलेले आहे. म्हणून ज्याला ही शर्यत जिंकायची असेल, त्याने ठोके मोजून, एकही पुढेमागे न होऊ देता प्रोग्राम लिहायचा. त्यात आणखी एक अडथळा: स्मृतीच्या पहिल्या १६ किलोबाइटांवर यूएलएचा हक्क आधी. ती चित्र वाचत असताना प्रोसेसर तिथे गेला, तर त्याला ताटकळत ठेवले जाते, आणि किती ताटकळायचे हे तो नेमका कोणत्या ठोक्याला पोहोचला त्यावर ठरते.

ही युक्ती १९८० च्या दशकातही काहींना ठाऊक होती, पण संपूर्ण खेळ तिच्यावर उभा करणे त्या वेळच्या धावपळीत शक्य नव्हते. ब्राझीलच्या एइनार सौकास यांनी ‘निर्वाणा’ या नावाने त्याचे एक तयार इंजिनच करून ठेवले: दर दोन रेघांना रंग बदलणारे, आणि कोणालाही आपल्या खेळात घालता येईल असे. दोन-दोन रेघांचे पट्टे इतके बारीक असतात, की रंगांची ओढाताण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. यंत्र तेच. त्याच्यात एक तारही बदललेली नाही.

माझ्या मते या साऱ्या प्रकाराचे मर्म इथे आहे. याला स्मरणरंजन म्हणून मोकळे होणारे लोक खेळांची नावे घेतात आणि बालपणाकडे वळतात. तो भाग आहेच. पण ठोके मोजत बसलेला माणूस बालपणी खेळलेला खेळ पुन्हा खेळत नसतो. बालपणी कोणालाच न जमलेली गोष्ट तो करून पाहत असतो. आजचा फोन दरवर्षी बदलतो आणि त्याच्या आत नेमके काय चालते हे एका माणसाला आयुष्यात कळणे अशक्य आहे. स्पेक्ट्रम बदलायचा थांबला, म्हणूनच तो पुरता कळण्याजोगा झाला.

तो पुरता कळावा यासाठी मात्र बरेच काही वाचवावे लागले, आणि ते काम उत्पादकांनी केले नाही.

१९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला संगणक व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला ५० लाख पौंडांना विकला. पुढे काही वर्षांनी उत्पादन संपले. तोवर मूळ यंत्रे ५० लाखांहून अधिक खपली होती असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परवान्याने आणि परवान्याशिवाय झालेल्या नकला वेगळ्या. भारतातही डेसिबेल्स कंपनीने परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काढला होता, हे इथल्या फार थोड्यांना आठवत असेल.

नकलांचा खरा संसार उभा राहिला तो पूर्व युरोपात आणि सोव्हिएत संघात. तिथे यूएलए विकत मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून अभियंत्यांनी आणि हौशी तंत्रज्ञांनी ती चिप काय करते हे शोधून, तेच काम साध्या, बाजारात मिळणाऱ्या चिपांकडून करवून घेतले. ‘लेनिनग्राड’ आणि ‘पेंटागॉन’ ही त्या नकाशांवरून बांधलेली यंत्रे घरोघरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, तयार झाली. पेंटागॉनवर एका चित्राला ६९,८८८ ऐवजी ७१,६८० ठोके लागतात आणि प्रोसेसरला ताटकळत ठेवणारा अडथळा नाही. त्यामुळे लंडनसाठी मोजलेला रंगखेळ मॉस्कोत बिघडतो, आणि मॉस्कोचा लंडनमध्ये. आजही नवे काही लिहिणारा या दोन्ही घराण्यांचा विचार करतो.

चेकोस्लोव्हाकियात तर या यंत्रावरचे लेखन धोक्याचे झाले. १६ जानेवारी १९६९ रोजी यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणानंतरच्या शरणागतीचा निषेध म्हणून प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतले होते. त्याच्या विसाव्या स्मृतिदिनी, १९८९ च्या जानेवारीत, त्या चौकात जमलेल्या लोकांना पोलिसांनी झोडपून काढले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक मजकुराधारित खेळ कॅसेटवरून हातोहात फिरू लागला. नायक इंडियाना जोन्स. स्थळ वेन्सेस्लास चौक. तारीख १६ जानेवारी १९८९. आणि काम पोलिसांच्या कड्यातून जिवंत निसटण्याचे. लेखकाने नाव घातले नाही. छापखान्यावर सरकारची नजर होती, कॅसेटवरच्या किरकिरीवर ती नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली. हा खेळ एखाद्या माळ्यावरच्या फितीबरोबर विरून गेला असता तर एका देशाच्या इतिहासाचे लहानसे पण अस्सल साधन गेले असते. तो टिकला, कारण फिती गोळा करणारी माणसे होती.

फिती गोळा करणे म्हणजे काय, याची कल्पना नुसत्या शब्दावरून येत नाही. कॅसेटवरचा चुंबकीय थर झिजतो, फीत ताणली जाते, आवाज क्षीण होतो. तो आवाज संगणकात घेऊन, लहर लहर तपासून, मूळ शून्य-एकाची माळ पुन्हा उभी करावी लागते. १९९० च्या दशकात मार्टाइन व्हॅन डर हायडे या डच गृहस्थांनी ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ हे संकलन सुरू केले. हजारो खेळ, पुस्तिका आणि मासिके तिथे जमा झाली. त्याच सुमारास नव्या संगणकावर जुन्या स्पेक्ट्रमचे हुबेहूब सोंग घेणारे प्रोग्राम, म्हणजे इम्युलेटर, तयार होत होते. त्यात एक कायदेशीर पेच होता. सोंग पूर्ण व्हायचे तर व्हिकर्स यांची ती १६ किलोबाइटची रॉम हवी, आणि तिचे हक्क अ‍ॅमस्ट्रॅडकडे. १९९९ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडच्या वतीने क्लिफ लॉसन यांनी जाहीरपणे परवानगी दिली: रॉम इम्युलेटरबरोबर वाटा, फक्त आतली हक्कदर्शक ओळ काढू नका. व्यापारी कंपनीने आपल्या बंद पडलेल्या मालाविषयी दाखवलेले असे सौजन्य विरळाच. २००७ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड स्काय या दूरचित्रवाणी कंपनीच्या ताब्यात गेली. ती परवानगी आधी मिळाली नसती तर पुढे कोणाकडे मागायची आणि कोण देणार, हा प्रश्नच होता.

रॉमचे वाचन त्याआधीच झाले होते. इयन लोगन आणि फ्रँक ओहारा यांनी १९८३ मध्येच तिच्यातील आज्ञा एकामागून एक उलगडून पुस्तकरूपाने छापल्या. वर सांगितलेली ‘शून्य नसेल तर’ची चूक सामान्य वाचकालाही त्यातून दिसते. यूएलए मात्र बराच काळ बंद पेटीच राहिली. तिचे आतील आराखडे कोणी प्रसिद्ध केले नव्हते. शेवटी ख्रिस स्मिथ यांनी त्या चिपच्या अंतरंगाची सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रे अभ्यासून तिची सारी रचना उलगडली आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. म्हणजे यंत्र बाजारात आल्यानंतर २८ वर्षांनी, उत्पादन थांबल्याला सुमारे दीड तप झाले असताना, ते आत कसे चालते हे सर्वांसाठी प्रथमच पूर्णपणे लिहिले गेले.

या ज्ञानावर आजचे लेखन उभे आहे. मोठे चित्र थोड्या जागेत दाबून बसवण्यासाठी सौकास यांनीच लिहिलेले ‘झेडएक्स ०’ हे साधन आहे; दाबलेले चित्र उलगडणारा त्याचा प्रोग्राम जेमतेम सत्तर बाइटांचा. स्पेनच्या ‘मोखोन ट्विन्स’ मंडळींनी आणि ब्रिटनच्या जोनाथन कॉल्डवेल यांनी खेळ तयार करण्याची साधने फुकट वाटली. त्यामुळे ठोके मोजण्याची ताकद नसलेलाही आपला पहिला खेळ एका महिन्यात पुरा करू शकतो. रशियातून २०१५ मध्ये ‘कॅसलव्हेनिया : स्पेक्ट्रल इंटरल्यूड’सारखा भरभक्कम खेळ आला. दुसऱ्या टोकाला १९९६ पासून भरणारी एक स्पर्धा अशी, की जिच्यात मुद्दाम शक्य तितका भिकार खेळ लिहून पाठवायचा असतो. मला ही स्पर्धा सर्वांत आवडते. ज्या कलेत वाईट लिहिण्याचीही परंपरा असते ती कला जिवंत आहे असे समजावे.

संगीताचेही तसेच. ४८ किलोबाइटच्या यंत्रातला भोंगा दोनच गोष्टी जाणतो: आत आणि बाहेर. त्यातून एका वेळी एकच सूर निघावा. पण दोन सुरांची आंदोलने आलटून पालटून फार वेगाने दिली, तर कान त्यांना एकत्र ऐकतो. टिम फॉलिन या मुलाने १९८७ मध्ये, वयाची विशी गाठण्याआधी, या भोंग्यातून कित्येक सुरांचे वादन काढून लोकांना थक्क केले होते. आजच्या रचनाकारांनी ती संख्या बरीच पुढे नेली आहे. अशी चित्रसंगीताची प्रात्यक्षिके लिहिणाऱ्यांच्या कलेला ‘डेमोसीन’ म्हणतात. २०२० मध्ये फिनलंडने तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले, आणि पाठोपाठ जर्मनी व पोलंडनेही.

यंत्रही नव्याने घडवले गेले. २०१७ मध्ये लोकवर्गणीची हाक देऊन ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ची योजना मांडली गेली. सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. कवचाची रचना पुन्हा डिकिन्सन यांनीच केली. २०१८ मध्ये ते वारले आणि तयार यंत्रे २०२० मध्ये लोकांच्या हाती पडली. क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ मध्ये गेले. नेक्स्टमध्ये वेग जास्त, रंग जास्त, स्मृती जास्त. तरीही पुष्कळ जण अजून ४८ किलोबाइटसाठीच लिहितात, आणि नेक्स्टलाही ते जुने रूप धारण करता येते.

आता रॉममधल्या त्या रिकाम्या ११७० बाइटांकडे. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर सेकंदाला ५० वेळा हातातले काम थांबवतो. त्या क्षणी आपला स्वतःचा प्रोग्राम, समजा संगीताचा, चालावा असे वाटत असेल तर त्याचा पत्ता प्रोसेसरला एका तक्त्यातून द्यावा लागतो. हा तक्ता २५७ बाइटांचा; एवढ्या तुटपुंज्या स्मृतीत ती मोठी उधळपट्टी. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की तक्ता आयताच तयार आहे. रॉममधल्या त्या रिकाम्या जागेत सगळीकडे २५५ आहे. प्रोसेसरला तिकडे बोट दाखवले की तो २५५ आणि २५५ वाचतो, आणि त्याचा पत्ता होतो ६५,५३५. ही स्मृतीची अगदी शेवटची जागा. तिथे ‘इतकी पावले उडी मार’ ही एका बाइटाची आज्ञा ठेवायची. किती पावले हे सांगणारा बाइट त्यापुढच्या जागी हवा, पण पुढे जागाच नाही. म्हणून प्रोसेसर वळून थेट पत्ता शून्यावर येतो, म्हणजे रॉमच्या पहिल्या बाइटावर. तिथे व्हिकर्स यांनी १९८२ मध्ये लिहिलेली पहिली आज्ञा आहे आणि तिचा अंक २४३. उडीच्या हिशोबात त्याचा अर्थ ‘१३ पावले मागे’. म्हणून प्रोसेसर ६५,५२४ या पत्त्यावर येऊन पोहोचतो, आणि तिथे आपला प्रोग्राम त्याची वाट पाहत असतो.